घरातलं दुसरं मत

दादा आला तेव्हा त्याच्याकडे दोन मोठ्या बॅगा होत्या आणि त्यातली एक जवळजवळ रिकामी होती. वहिनी असताना दोन्ही बॅगा गच्च भरलेल्या असायच्या. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, चॉकलेटं आणि माझ्यासाठी तिने कुठल्यातरी सेलमध्ये घेतलेला स्वेटर. पनवेलात स्वेटर कोण घालतं, असं मी दर वेळी म्हणायचे आणि ती दर वेळी आणायची. वहिनी जाऊन आठ महिने झाले होते. दादाने सवयीने दोन बॅगा घेतल्या होत्या आणि दुसऱ्या बॅगेत काय भरायचं ते त्याला सुचलं नव्हतं. तळाशी त्याचे चालायचे बूट होते आणि वहिनीचा एक फोटो, टॉवेलात गुंडाळलेला.

मी खांदा कॉलनीत राहते, पहिल्या मजल्यावर. लग्न केलं नाही. शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले. आमचं मूळ घर सुकापूरचं. आता तिथे सगळ्या बिल्डिंगा झाल्या आहेत, फक्त काकूंचं घर तेवढं जुन्या जागी उभं आहे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला त्याला पस्तीस वर्षांच्या वर झाली. तो मला अजून ‘बाय’ म्हणतो. म्हणायचा.

गणपतीच्या आधी आला तो. म्हणाला, दोन-तीन महिने राहीन, तिकडचं घर फार मोठं वाटतं. मी म्हटलं, राहा की, मला कोण आहे.

त्याच वर्षी तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. दादा ज्या राज्यात राहायचा तिथे दोन्ही पक्षांची ताकद जवळजवळ सारखी, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या राज्यावर. दादा आणि वहिनी दोघंही तिथले नागरिक झाले त्याला खूप वर्षं झाली होती. शपथेच्या दिवसाची गोष्ट वहिनी रंगवून सांगायची. हॉलमध्ये शपथ झाली, हातात छोटा झेंडा मिळाला आणि दाराबाहेर टेबल मांडून पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. तिने दोघांचे हात हातात घेतले, अभिनंदन केलं आणि मतदार नोंदणीचा अर्ज पुढे केला. पक्षाच्या रकान्यात काय लिहायचं असं दादा विचारत होता, तोवर वहिनीने दोघांचेही अर्ज भरून टाकले होते. तेव्हापासून ती त्या पक्षाची झाली. इस्पितळात नर्स होती ती, ड्यूटी संपवून पक्षाच्या कामाला जायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत हातात यादी घेऊन घरोघर दारं वाजवायची. लोक तोंडावर दार लावायचे, कुत्रे अंगावर यायचे. पण ती पुढच्या घराकडे निघायची. फोनवर मला म्हणायची, ‘‘वन्सं, आपल्या घरात दुसरं मत नाही. तीन मतं, तिन्ही एकाच ठिकाणी.’’ तिसरं मत त्यांच्या मुलीचं. ती वकील झाली आहे, दुसऱ्या शहरात असते आणि आईच्याही दोन पावलं पुढे गेली आहे.

मला हे सगळं नवीन नव्हतं. आमचे वडील जन्मभर एका पक्षाचे. घरात देवाच्या फोटोशेजारी त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो होता. सभेला जाताना ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून जायचे. आणि काका, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, नवीन पनवेलसाठी सरकारकडे जमिनी जायला लागल्या तेव्हा दुसऱ्या पक्षात गेला. त्यानंतर दोन्ही घरांमध्ये बोलणं उरलं नाही. अंगण एकच होतं, मधे वडिलांनी तारेचं कुंपण घातलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दादाला ईमेलवर मतपत्रिका आली. परदेशी असलेल्या नागरिकांना अशी मागवता येते. ती छापायची, भरायची, लिफाफ्यात घालायची, सोबत सही करून एक प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि टपालाने पाठवायची. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने सवयीने दोन-दोन प्रती काढल्या. दादा एकदम घाबरला. ‘‘अहो, दुसरी नको, दुसरी नको,’’ म्हणत त्याने ती प्रत तिथेच फाडून बारीक तुकडे केले आणि खिशात घातले. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, पैसे एकाच कॉपीचे घेतो, टेन्शन नका घेऊ.’’ मला हसू आलं. खरं तर मला दादाचं कौतुकही वाटलं. शिक्षिका म्हणून मी कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणूस उभा असताना आपण दुसरीकडे बघायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं.

मतपत्रिका लांबलचक होती. राष्ट्राध्यक्षापासून ते राज्याचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे एकाच कागदावर. नावापुढची छोटी लंबगोल जागा पेनाने काळी करायची. दादाने खालच्या सगळ्या जागा त्याच दिवशी दहा मिनिटांत भरल्या. सगळ्यात वरची तेवढी ठेवली.

‘‘ही का ठेवलीस?’’

‘‘बघू. उद्या.’’

तो उद्या काही येईना. कागद जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीखाली. मी रोज पुसायला घेताना तो उचलायची, न बघता पालथा धरायची आणि परत ठेवायची. दादा सकाळी फोनवर तिकडच्या बातम्या ऐकायचा. नाश्त्याला एक बोलायचा, संध्याकाळी फिरून आल्यावर नेमकं उलट बोलायचा. ‘‘हिच्या पक्षवाल्यांनी आमच्यासारख्यांना विचारलं कधी? मत मागायला येतात, मग चार वर्षं पत्ता नाही.’’ आणि लगेच, ‘‘पण तो दुसरा बाहेरून आलेल्यांबद्दल काय बोलतो ते ऐकलंस? मी पण बाहेरूनच आलेला आहे ना.’’ एकदा तर भाजी घेताना हातात दुधी धरून तसाच उभा राहिला. भाजीवाली म्हणाली, ‘‘घ्यायचाय का परत ठेवू?’’ त्याने दुधी खाली ठेवला आणि रिकाम्या पिशवीने घरी आला.

रोज संध्याकाळी भाचीचा फोन यायचा. तिकडे सकाळ असायची, ती कामाला निघण्याच्या घाईत. ‘‘बाबा, बॅलट पाठवलं?’’ ‘‘पाठवतो गं.’’ ‘‘बाबा, पोस्टाला वेळ लागतो. प्लीज.’’ फोन ठेवल्यावर तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

एका दुपारी मी कोलंबी सोलत बसले होते. दादा समोर येऊन बसला. त्यानेही एक कोलंबी उचलली, पण सोलली नाही, हातात फिरवत राहिला.

‘‘बाय, तुला एक सांगायचंय. कुणालाच सांगितलेलं नाही.’’

मी हात थांबवले.

‘‘आठ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या पक्षाला मत दिलं.’’

मला पटकन त्यात काही मोठं वाटलं नाही. ‘‘बरं मग?’’ असं मी म्हणाले. मग तो बोलत गेला. त्याचा कारखाना बंद झाला होता ते मला माहीत होतं. मशीनचे सुटे भाग करायचे, तेवीस वर्षं त्याने तिथे काढली होती. सगळं काम दुसऱ्या देशात गेलं. बावन्नाव्या वर्षी तो रंग आणि खिळे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात ॲप्रन बांधून उभा राहू लागला. आम्हाला फोनवर तो ‘नवीन जॉब’ एवढंच सांगायचा. ॲप्रनचं मला त्या दुपारी कळलं. वहिनी म्हणायची, होईल ठीक, आपला पक्ष काहीतरी करेल. पक्षाकडून यायची ती वर्गणीची पत्रं. आणि तो दुसरा उमेदवार टीव्हीवर कारखान्यांबद्दल बोलला. ‘‘मला माहीत होतं तो थापा मारतोय. पण बाय, कारखान्याचं नाव तरी कुणी काढलं. पडद्याच्या आत गेलो, एकटाच होतो. दिलं.’’

‘‘वहिनीला?’’

‘‘तिला काय सांगणार? ती महिनाभर थंडीत दारं वाजवत होती.’’

वहिनीचा पक्ष हरला. त्यांच्या राज्यात तर अगदी थोडक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नर्सचे कपडे घालून स्वयंपाकघरात बसली आणि ड्यूटीला गेलीच नाही. दादाने चहा केला. ती रडत होती. म्हणाली, ‘‘आपल्याच रस्त्यावर कुणीतरी दिलं असेल ना हे मत? रोज हसून बोलतात माझ्याशी. कोण असेल रे?’’

‘‘मग तू काय म्हणालास?’’ मी विचारलं.

‘‘मी म्हणालो, काय माहीत.’’

त्याने कोलंबी परत ताटलीत ठेवली. हात धुवायला उठला, पण नळाशी नुसताच उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, ‘‘नंतर तिला कॅन्सर झाला. दोन वर्षं मी तिच्या उशाशी होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. शेवटच्या आठवड्यात ती पोरीला म्हणाली, आपल्या घरात कधी दुसरं मत पडलं नाही, हे ध्यानात ठेव. मी तिथेच होतो. तिचे पाय चेपत होतो.’’

त्याची अडचण मला तेव्हा कळली. या वेळी वहिनीच्या पक्षाला मत दिलं तर ते तिच्यासाठी प्रायश्चित्त घेतल्यासारखं होईल, ते मत नव्हेच. दुसऱ्या बाजूला द्यावं, तर ज्या माणसाच्या बोलण्याने स्वतःला लाज वाटते त्याला वहिनीच्या फोटोसमोर बसून मत द्यायचं. आणि कुठेच दिलं नाही तर पोरीला काय सांगायचं. मी त्याला म्हटलं, ‘‘दादा, अरे गुप्त मतदान आहे. तुझं तू दे. कुणाचं काही देणं लागत नाहीस.’’ तो म्हणाला, ‘‘तिचं लागतो.’’

हे सगळं मी माझ्यापाशी ठेवायला हवं होतं.

चारच दिवसांनी भाचीचा फोन आला तेव्हा दादा आंघोळीला गेला होता. मी घेतला. ती चिडलेली होती. मराठी ती चांगलं बोलते, पण चिडली की तुकडे पडतात. ‘‘आत्या, बाबाला झालंय काय? दोन वीक्स झाले पेपर हातात आहे. आई असती तर पहिल्या दिवशी पाठवलं असतं. तो आईसाठी एवढंसुद्धा करू शकत नाही?’’

मी म्हटलं, ‘‘असं नको बोलू गं.’’

‘‘का नको? आई कीमो घेऊन आली तरी लोकांना फोन करायची. आणि बाबा तिकडे बसून नुसता विचार करतोय. कसला विचार? त्याला आईची काही पडली आहे का?’’

हे शेवटचं मला सहन झालं नाही. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. दादा त्या दिवसांत संध्याकाळी फिरून आल्यावर आंघोळीला तास लावायचा, बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल असायचे. मी म्हणाले, ‘‘अगं, आईची पडली आहे म्हणूनच तर अडकलाय. एकदा तिच्याविरुद्ध मत दिलं, त्याचं अजून खातंय त्याला.’’

तोंडातून गेलं.

‘‘केव्हा?’’ तिने विचारलं.

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

‘‘आत्या, केव्हा?’’ आणि मग तिचं तिलाच कळलं. वकील आहे ती. ‘‘ओ गॉड. तेव्हा? तेव्हा बाबाने...’’

दादा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. मी फोन त्याच्या हातात दिला. मला त्याच्याकडे बघवलं नाही, मी गॅसकडे वळले. तो आतल्या खोलीत गेला. इंग्रजीत बोलत होता, हळू आवाजात. पाच-सात मिनिटांत बाहेर आला आणि फोन टेबलावर ठेवला.

‘‘दादा, मी...’’

‘‘असू दे. मी सांगणारच होतो कधीतरी.’’

तो सांगणार नव्हता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी विचारलं, काय म्हणाली. तो म्हणाला, ‘‘एकच विचारलं तिने. आई रडत होती तेव्हा तू कुठे होतास? मी म्हटलं, तिच्याशेजारीच. मग तिने फोन ठेवला.’’

त्या दिवसापासून तिचा फोन यायचा बंद झाला. दादा रोज त्याच वेळी फोन घेऊन बसायचा. तो तिला मेसेज करायचा, ती बघायची, उत्तर द्यायची नाही. मीही केला, खूप मोठा, माफी मागणारा. मला तिने एवढंच लिहिलं: ‘‘आत्या, तुझ्यावर राग नाही. मला वेळ हवा.’’

दसऱ्याला काकू आल्या. काकांच्या पत्नी, नव्वदीला टेकलेल्या. नातू रिक्षाने सोडून गेला. आपट्याची पानं आम्हा दोघांच्या हातावर ठेवली, दोघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि दादाला म्हणाल्या, ‘‘बाला, चेहरा कसा करून घेतलाय?’’ मी मोघम सांगितलं, की पोरीचं आणि त्याचं तिकडच्या निवडणुकीवरून बिनसलंय, ती बोलत नाही.

काकूंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, ‘‘पार्टीवरून? तितं बी हायच का?’’

दादा हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

‘‘हसू नको. तुजा काका गेला तवा तुजा बापूस कुंपनापाशी उबा रला. आत आला नाय. उन्हात उबा, छत्री नाय, टोपी नाय. मी आतून बगत व्हते. मला वाटलं आता येल, आता येल. उचलून नेला तवा मागून चालत आला, समद्यांच्या मागून, येकला. त्या दिसापास्नं मरंस्तवर रोज सकाली कुंपनापाशी यायचा आन आमच्या दाराकडं बगत बसायचा. मी बोलले नाय. मला बी राग व्हता. आता वाटतं, मी तरी हाक मारायला हवी व्हती. तू हाक मार पोरीला.’’

‘‘मारतो काकू. रोज मारतो. ती ओ देत नाही.’’

‘‘मंग मारत रा,’’ काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे चहा मागितला.

वडिलांचं कुंपणापाशी बसणं मी लहानपणापासून नव्हे, पण कॉलेजच्या वयापासून पाहिलं होतं. मला वाटायचं ते ऊन खायला बसतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने बरणी बाजूला सरकवून कागद पुढे ओढला. मी पोळ्या करत होते. त्याने पेन मागितलं, काळ्या शाईचं. मी दिलं आणि भिंतीकडे तोंड करून लाटत राहिले. दोन-तीन पोळ्या होईपर्यंत काहीच आवाज नाही. मग कागदाच्या घडीचा आवाज, मग लिफाफ्याला डिंक लावल्याचा. ‘‘झालं,’’ तो म्हणाला. मी वळले. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याचा चेहरा मोकळा झाला होता असंही नाही. खूप लांब चालून आल्यावर बूट काढताना माणूस दिसतो, तसा दिसत होता.

पनवेलच्या पोस्टात आम्ही रिक्षाने गेलो. काउंटरवरच्या मुलीने लिफाफा उलटसुलट करून विचारलं, ‘‘आत काय आहे? डॉक्युमेंट?’’

‘‘मत,’’ दादा म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘हो, डॉक्युमेंटच.’’

तिने वजन केलं, पावती दिली. बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. मी म्हटलं, पोरीला कळव, पाठवलं म्हणून. त्याने मेसेज केला. तो तिने पाहिला.

मतपत्रिका पोचली की नाही हे तिकडच्या एका वेबसाइटवर दिसतं. दादा रोज बघायचा. दिवाळीतही बघायचा, एका हाताने करंजी खात. ‘अजून मिळालेली नाही’ असंच येत राहिलं. पोस्टात कुठे अडकली की मुळात आम्हीच फार उशीर केला होता, देव जाणे. निकाल लागला तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. वहिनीचा पक्ष पुन्हा हरला. दादा टीव्हीसमोर बसून होता. मी चहा आणून ठेवला. तो म्हणाला, ‘‘ती आता एकटी बसून रडत असेल.’’ ती म्हणजे मुलगी. त्याने फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने कट केला आणि मेसेज आला. दादाने तो मला दाखवला नाही. पुढे केव्हातरी चष्मा शोधताना त्याचा फोन माझ्या हातात आला आणि तो मेसेज मी वाचला. इंग्रजीत होता, दोन ओळी. ‘आज मला आईशी बोलायचं होतं. ते जमत नाही, आणि तुझ्याशी बोलायची इच्छा नाही.’

त्याचं परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं होतं. त्याने ते पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. म्हणायचा, तिकडे आता थंडी फार, बर्फ काढायला होत नाही मला. पण खरी गोष्ट अशी होती की, विमानतळावर न्यायला मुलगी येणार नाही हे त्याला बघायचं नव्हतं. इथे निदान फोन येत नव्हता एवढंच. इथून ते अंतरामुळे आहे असं म्हणता येत होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी तो फिरून आला, बूट काढले आणि म्हणाला, बाय, पाठीत भरून आलंय. मी बाम आणायला आत गेले. येईपर्यंत तो सोफ्यावर आडवा झाला होता आणि घामाने शर्ट भिजला होता. शेजारच्यांनी गाडी काढली. इस्पितळात तो दुपारपर्यंत होता. शुद्धीवर होता थोडा वेळ. मी म्हटलं, पोरीला कळवलंय, निघतेय ती. त्याने विचारलं, ‘‘तू बोललीस? आवाज कसा होता तिचा?’’ मी म्हटलं, रडत होती. ‘‘तिला म्हणावं घाई नको. एकटी प्रवास करतेय, नीट ये म्हणावं.’’ तीन वाजता गेला.

भाची तिसऱ्या दिवशी आली. तिच्यासाठी आम्ही थांबलो होतो. विमानतळावरून थेट आली आणि चपला काढून त्याच्यापाशी जमिनीवर बसली. त्याच्या पायावर हात ठेवून बसली होती, तिथेच, जवळजवळ तासभर. काकू आल्या होत्या, त्या तिच्यामागे बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दोघींना एकमेकींचं बोलणं धड कळत नव्हतं.

दहाव्यानंतर आम्ही दोघीच घरी होतो. ती त्याची बॅग आवरत होती. मधेच थांबून म्हणाली, ‘‘आत्या, त्याने कोणाला दिलं?’’

‘‘काय?’’

‘‘या वेळेला. बॅलट. तू तिथे होतीस ना?’’

होते. सहा फुटांवर होते. खोटं बोलायचं मनात आलं. आईच्या पक्षाला दिलं, एवढंच म्हणायचं होतं. तिला बरं वाटलं असतं आणि खोटं ठरवायला कुणीच उरलं नव्हतं. पण एकदा माझ्या तोंडातून नको ते गेलं होतं. पुन्हा त्या माणसाच्या मतावर मी बोट ठेवावं असं मला वाटेना.

‘‘मला माहीत नाही गं. मी पाठ करून पोळ्या लाटत होते. त्याने सांगितलं नाही.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘‘जे सांगायचं नव्हतं ते सांगितलंस,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘आणि जे मला हवं होतं ते बघितलंच नाहीस.’’ त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग ती खाली बसली, बॅगेच्या कडेवर डोकं टेकलं आणि म्हणाली, ‘‘मला कोणालाही दिलेलं चाललं असतं. आत्ता चाललं असतं. तेव्हा का नाही चाललं मला?’’

मी तिच्याजवळ बसले. दोघी रडलो. नंतर मी तिला भात कालवून दिला, तिने तो खाल्ला.

ती अमेरिकेला परत गेली त्याला आता वर्ष होत आलं. रविवारी मी फोन करते. कधी उचलते, कधी उचलत नाही. उचलला की हवेचं बोलतो, कामाचं बोलतो, तिने दादाचं घर विकायला काढलंय त्याचं बोलतो. मागच्या खेपेला तिने सांगितलं की तिच्या गावात कसलीशी छोटी निवडणूक होती, शाळांच्या मंडळाची. मी विचारलं, गेलीस का मत द्यायला? म्हणाली, गेले होते, रांगेत उभी राहिले, आपला नंबर आल्यावर मागे फिरले. काय करावं ते तिला त्या वेळी कळेना. मी तिला विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, अजून नाही, आणि मग तिकडे ताट वाढून घेतल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन धरून बसले.